परिवेशवरचे खाणींचे प्रस्ताव एकाच नकाशावर आणायचेत, कसं करू?

सड्यावरची
नमस्कार मंडळी, सावंतवाडी तालुक्यातून लिहितेय. गेल्या दीड वर्षात आमच्या आजूबाजूला काळवत्री दगडाच्या खाणींचे चार प्रस्ताव पर्यावरण मंजुरीसाठी गेलेत, आणि आम्हाला कळतं कधी, तर कोणीतरी परिवेश या केंद्र सरकारच्या पर्यावरण मंजुरीच्या पोर्टलवर बघून व्हॉट्सॅपवर टाकलं की. फाइल प्रत्येकाची वेगळी. एकात ४.९ हेक्टर, दुसऱ्यात ४.६, तिसऱ्यात ४.३, सगळं ५ च्या आत. एकेक वाचलं तर वाटतं एवढीशी खाण, काय होणाराय. पण सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, उभं राहून बघितलं तर तीन जागा एकाच डोंगराला लागून आहेत आणि त्याच डोंगरातून आमचा व्हाळ (ओढा) निघतो, खालच्या तिन्ही वाड्यांच्या विहिरी त्या पाण्यावर. हे कुठल्याच फाइलमध्ये दिसत नाही कारण प्रत्येक फाइलीत फक्त आपापला तुकडा दाखवलाय. मला हे सगळं एका कागदावर आणायचंय. पीडीएफमधले अक्षांश-रेखांश गूगल मॅपवर टाकून बघितले तर पहिलाच पॉइंट समुद्रात जाऊन पडला! कोणीतरी नीट सांगा, मी बीए मराठी आहे, कॉम्प्युटर जेमतेम येतो.

नकाशेवाला_कोल्हापूर
ताई, समुद्रात पडला म्हणजे तुम्ही अंश-मिनिट-सेकंद सरळ दशांशासारखे टाईप केलेत, सगळ्यांचं पहिल्यांदा हेच होतं. समजा फाइलीत १५ अंश ५२ मिनिटं ३० सेकंद आणि ७३ अंश ५२ मिनिटं १२ सेकंद असं आहे. तुम्ही १५.५२३० आणि ७३.५२१२ टाकलंत तर ठिपका गोव्याच्या किनाऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर आत पाण्यात जाणार. मिनिटांना ६० ने भागा, सेकंदांना ३६०० ने, आणि अंशात मिळवा. मग येतं १५.८७५० आणि ७३.८७००, तो बरोबर तुमच्या तालुक्यात पडेल.

आता दुसरी गोष्ट, एक ठिपका टाकून थांबू नका. प्रस्तावात हद्दीच्या सगळ्या खांबांचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात, ते क्रमाने जोडून जागेचा आकार काढा. सोबत केएमएल फाइल, म्हणजे जागेचा आकार साठवलेली नकाशाची फाइल, मिळाली तर टायपिंग वाचलं, पण तीही एकदा खांबांच्या यादीशी पडताळून घ्या. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात सगळ्या केएमएल एकावर एक टाकता येतात, गावाची हद्द आणि गट नंबर सरकारच्या महाभूनकाशा वेबसाइटवरून बघून जुळवा. आणि अंतर मोजण्याआधी लेयर (नकाशाचा थर) ईपीएसजी ३२६४३ मध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत, बदला. कोकण त्याच झोनमध्ये येतं. नाहीतर तुम्ही बफरला, म्हणजे जागेभोवतीच्या पट्ट्याला, ५०० टाकाल आणि सॉफ्टवेअर ते ५०० अंश धरेल.

फाइलवाला
मी अशाच फाइली तयार करणाऱ्या कन्सल्टंटकडे काम केलंय म्हणून सांगतो. प्रत्येक वेळी मुद्दाम तुकडे पाडलेले असतात असं नाही, सातबारे वेगळे, मालक वेगळे, अर्जही वेगवेगळ्या महिन्यात येतात. पण नियम मालकाकडे बघत नाही. १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेप्रमाणे एकाच प्रकारच्या खनिजाच्या दोन खाणपट्ट्यांच्या कडांमधलं अंतर ५०० मीटरपेक्षा कमी असेल तर तो क्लस्टर, म्हणजे एकत्र धरायचा गट. आणि २०१८ च्या एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवादाच्या) निकालानंतर क्लस्टरचं एकूण क्षेत्र ५ हेक्टर किंवा जास्त भरलं की पर्यावरण आघात अहवाल पण लागतो आणि जनसुनावणी पण. तुमचा नकाशा इथे कामाला येणार. फक्त कडेपासून कडेपर्यंत मोजा, मध्यापासून मध्यापर्यंत मोजलंत तर समोरचा एका वाक्यात तुमचा मुद्दा पाडेल. फाइलीत जिल्हा खनिकर्म कार्यालयाचा ५०० मीटरमधल्या खाणींचा दाखला असतो, आधी तो वाचा, त्यात शेजारची खाण धरलीय की नाही ते बघा.

पेडण्याचो
मी सीमेच्या अलीकडून, गोव्यातून लिहितोय. नकाशा राज्याच्या हद्दीवर तोडू नका एवढंच सांगायचंय. तेरेखोल नदी तुमच्याकडून येते आणि आमच्याकडे समुद्राला मिळते, वरची माती खाली आमच्याच पात्रात बसते. मोपा विमानतळाच्या केसमध्ये हाच घोळ होता, मंजुरीच्या अर्जात, म्हणजे फॉर्म १ मध्ये, १५ किलोमीटरच्या आतली संवेदनशील ठिकाणं विचारलेली असतात, ती नीट भरली नव्हती, म्हणून २९ मार्च २०१९ ला सुप्रीम कोर्टाने मंजुरी स्थगित करून पुन्हा तपासायला लावली. पुढे जानेवारी २०२० मध्ये अटी घालून स्थगिती उठली आणि विमानतळ झाला, हे खरंच. पण १५ किलोमीटरचं वर्तुळ काढलं की काय काय आत येतं हे तेव्हा आम्हा लोकांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

वाडीतली_मास्तरीण
नकाशा झाला की प्रिंट मोठा काढा आणि त्यावर लोक म्हणतात ती नावं घाला. आम्ही ग्रामसभेत गट नंबरवाला नकाशा लावला तेव्हा कोणी जवळ पण आलं नाही. मग देवराई, शाळा, पाणंद, व्हाळ, कोंड सगळं हाताने लिहून पुन्हा लावला. एक आजोबा चष्मा लावून उठले, व्हाळावर बोट ठेवलं, वर वर नेत खाणीच्या लाल चौकटीत नेऊन थांबवलं आणि म्हणाले, ही तर आमची झर. त्या झरीची नोंद अहवालात कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे जाऊन फोटो आणि लोकेशन घेतलं आणि लेखी हरकतीला जोडलं. जनसुनावणी लागली तर निदान ३० दिवस आधी पेपरात नोटीस येते, पण त्या ३० दिवसांत नकाशा करायला बसू नका, आत्ताच करून ठेवा.

सड्यावरची
सगळ्यांचे मनापासून आभार. भाच्याला घेऊन तीन रात्री बसले, तिन्ही जागांचे आकार काढले. पहिल्या आणि दुसऱ्या खाणीच्या कडेत १८० मीटर, दुसऱ्या-तिसऱ्यात ३४०. एकूण १३.८ हेक्टर होतात. चौथी दोन किलोमीटर लांब निघाली, ती क्लस्टरमध्ये बसत नाही, तिचा उल्लेख मी हरकतीतून काढून टाकला. आणि फाइलवाले दादा, तो दाखला वाचला, तिसऱ्या फाइलीतल्या दाखल्यात शेजारी एकच खाण लिहिलीय.

रविवारी सकाळी आम्ही पाचजणी व्हाळाने वर चालत जाणार आहोत, जिथे पाणी फुटतं तिथे तिथे फोनवर लोकेशन घेणार. ते पॉइंट क्यूजीआयएसमध्ये घालताना परत अडले तर इथेच विचारते.