मिशीवाल्या माशांची टाकी : सोसायटीच्या ग्रुपवरून

फेब्रुवारी, रविवार सकाळ

बी-२०३: नमस्कार मंडळी. पुढच्या रविवारी लेकीचा आठवा वाढदिवस. तिला फिश टँक हवाय, आणि त्यात "मिशा असलेले छोटे मासे"च हवेत. दुकानात बघितले तिने, चार-पाच जण मिळून तळाची वाळू हुंगत फिरत होते. झाडं पण खरी हवीत, प्लास्टिकची नकोत म्हणते. दुकानदार म्हणाला शनिवारी टाकी भरून देतो, रविवारी मासे सोडा. कुणाला अनुभव आहे का?

ए-७०१: छान! एक सकर मासा पण टाका सोबत. काच चाटून साफ ठेवतो, तुम्हाला काही बघायला नको.

सी-१०५: आमच्या गावाकडे मिशीवाला म्हणजे शिंगाळा. तो टाकीत नाही, कालवणात 😊 पण पोरीला शुभेच्छा!

बी-४०२: दादा, शनिवारी टाकी आणि रविवारी मासे असं कृपा करून करू नका. मी अकरा वर्षांपूर्वी नेमकं हेच केलं होतं. आठ पांडा कोरी (याच मिशीवाल्यांची एक जात) आणले, नवीकोरी टाकी, पाणी काचेसारखं स्वच्छ. नऊ दिवसांत पाच गेले. पाणी स्वच्छ दिसत होतं म्हणून मला कळलंच नाही की त्यात अमोनिया साठलाय. ते पाच मासे अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

तिने बघितलेत ते कोरिडोरास असणार, सगळे कोरी म्हणतात. दक्षिण अमेरिकेतल्या नद्या-ओढ्यांतला मासा. अंगावर खवले नाहीत, चिलखतासारख्या पट्ट्यांच्या दोन रांगा असतात. फार शांत जीव.

बी-२०३: बाप रे. मग ताई, वाढदिवसाला काय देऊ तिला?

बी-४०२: टाकी, वाळू आणि झाडं द्या. लावायचं काम तिच्या हातून होऊ दे. मासे महिना-दीड महिन्याने. माशांच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वाढावे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. नायट्रेट त्या मानाने सौम्य, आणि झाडं ते खातात. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकत राहायचं, म्हणजे जिवाणूंना पोट भरायला काहीतरी मिळतं. माझ्या फिल्टरचा जुना स्पंज तुमच्या टाकीत पिळून देईन, त्याने काम लवकर होईल. थेंबांची टेस्ट किट मात्र घ्याच. सलग काही दिवस अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आलं की मासे.

बी-२०३: टाकी केवढी घेऊ? दीड फुटी बघून ठेवलीय.

बी-४०२: कोरी एकटा-दुकटा ठेवायचा मासा नाही. सहा तरी हवेतच, आठ असतील तर उत्तम. एकटा कोरी कोपऱ्यात लपून बसतो. आणि त्यांना उंची नको, तळ हवा. जागा असेल तर ३६ × १५ × १५ इंच घ्या. साधारण १३० लिटर होते. लहान टाकीत पाणी बिघडायला वेळ लागत नाही, मोठीत तुम्हाला सावरायला वेळ मिळतो.

ए-५०४: इंजिनिअर म्हणून मधे बोलतो. पाणी, काच, वाळू, स्टँड धरून हे २०० किलोच्या आसपास जाईल. घराच्या स्लॅबला वापराचा भार चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरलेला असतो. टाकीखाली त्याहून जास्त पडेल, पण जागा थोडी आहे. भिंतीला लागून, बीमच्या जवळ ठेवा. बाहेर काढलेल्या बाल्कनीत अजिबात नको. स्टँडखाली लेव्हल बघा, एक कोपरा उचललेला राहिला तर काचेला चीर जाते.
वाळू लागली तर माझ्या साइटवरून घेऊन जा, क्रश सँड भरपूर आहे.

बी-४०२: काका, मनापासून आभार, पण क्रश सँड नको. ती दगड फोडून केलेली, तिच्या कडा धारदार असतात. कोरी दिवसभर तोंड वाळूत खुपसून, वाळू घेऊन कल्ल्यांतून बाहेर सोडत खाणं शोधतो. त्या मिशा म्हणजे त्याची जीभ आणि बोटं दोन्ही. धारदार किंवा घाण तळावर मिशा झिजतात, मग मासा उपाशी राहतो. गोल कणांची बारीक फिल्टर वाळू आणा, पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. रंगीत खडी नको. समुद्राची वाळूही नको, शिंपल्यांचा चुरा पाणी जड करतो.

सी-३०१: मी बॉटनी करतेय, म्हणून झाडांबद्दल लिहिते. काका, क्रिप्टोकोरायनी स्पायरॅलिस घ्या! ती आपलीच आहे, कोकणातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांच्या कडेने उगवते. मी स्वतः बघितलीय. पण ओढ्यातून उपटून आणू नका, नर्सरीत वाढवलेली मिळते. लावल्यावर सगळी पानं विरघळल्यासारखी झाली तर फेकू नका, क्रिप्ट नव्या पाण्यात असंच करते. मुळं जिवंत असतात, नवी पानं येतात.

बी-४०२: अगदी! माझ्या पहिल्या क्रिप्टा मी मेल्या समजून टाकून दिल्या होत्या. मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया लावा, रिबिनीसारखी उंच होते. ॲनुबियास आणि जावा फर्न लाकडाला दोऱ्याने बांधायचे. त्यांचा आडवा जाड कंद वाळूत पुरला की कुजतो. वाळूत स्वतःचं पोषण काही नसतं, म्हणून मुळांशी खताच्या गोळ्या खोल दाबा. झाडं मासे येण्याआधी लावायचं आणखी एक कारण आहे. कोरी नाकाने उकरतात, नव्या रोपाची मुळं धरलेली नसली की सकाळी रोप वर तरंगत असतं. लाइट टायमरवर सहा-सात तास, आणि टाकी खिडकीच्या उन्हात नको.

बी-२०३: लेकीला सगळं वाचून दाखवलं. म्हणते महिनाभर थांबीन, पण रोज टेस्ट मीच करणार.

ए-७०१: ताई, सकरचं काय ते राहिलंच. खरं सांगायचं तर माझ्याकडचाच देणार होतो. तीन वर्षांपूर्वी दोन इंचाचा आणला, आता फुटाच्या वर गेलाय. टाकीत वळता येत नाही त्याला. कुणी घेत नसेल तर उपवन तलावात सोडीन म्हणतो, मोकळा तरी होईल बिचारा.

बी-४०२: दादा, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतंय, पण तलावात नका सोडू. हा सकरसुद्धा दक्षिण अमेरिकेतलाच कॅटफिश, दीड फुटापर्यंत वाढतो. आपल्याकडे त्याला खाणारं फारसं कुणी नाही. २०२० मध्ये वाराणसीला गंगेत सापडला तेव्हा बातम्या आल्या होत्या, पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत तर मच्छीमार त्याने हैराण आहेत. काठात बिळं करतो, स्थानिक माशांचं खाणं आणि जागा घेतो. घरच्या टाक्यांतूनच गेलेत हे सगळे. आपलं ठाणं तलावांचं म्हणवतं, निदान आपल्या हातून त्यांना ही भर नको. माझ्या ओळखीत एकांकडे सहा फुटी टाकी आहे, आजच विचारते.

ए-७०१: हे खरंच माहीत नव्हतं. विचारा प्लीज. तोवर ठेवतो.

बी-४०२: आणि "काच साफ ठेवतो", "घाण खातो" हे कोरींबद्दलही दुकानात सांगतात. त्याचाच मला सगळ्यात जास्त त्रास होतो. कोरी घाण खात नाही, विष्ठा तर नाहीच. वरच्या माशांचं उरलंसुरलं खाईल म्हणून लोक त्याला वेगळं काही देत नाहीत, आणि तो हळूहळू खंगत जातो. त्याला बुडणारं खाणं हवं, बुडणाऱ्या गोळ्या, कधी फ्रोझन ब्लडवर्म. संध्याकाळी लाइट गेल्यावर टाकायचं. टाकी साफ करणं आपलं काम.

सेक्रेटरी: सर्वांना सूचना. गुरुवारी सकाळी १० ते २ वरच्या व खालच्या टाक्यांची सफाई आहे. नंतर ब्लीचिंग पावडर टाकली जाईल. पाणी भरून ठेवावे.

बी-४०२: सेक्रेटरी साहेब, आधी कळवल्याबद्दल धन्यवाद. फिश टँकवाल्यांनो, गुरुवार-शुक्रवार पाणी बदलू नका. क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतो आणि फिल्टरमधले जिवाणूही मारतो. एरवीही नळाचं पाणी अँटीक्लोरीन घालूनच टाका. टँकर आला की कळवत जा प्लीज, ते पाणी बरंच जड असतं.

एप्रिल

बी-२०३: अमोनिया ०, नायट्राइट ०, सलग सहा दिवस! वहीत तारखेनिशी लिहून ठेवलंय पोरीने. आता कुठले कोरी आणू? तिला ठिपक्यांचा हवाय, डार्विनवाला.

बी-४०२: शाब्बास! हो, ठिपक्यांचा पॅलियाटस डार्विनने बीगल जहाजाच्या प्रवासात गोळा केला होता, १८४२ मध्ये त्याचं वर्णन छापलं गेलं. पण तो थंड पाण्याचा, आपला मे महिना त्याला सोसणार नाही. पांडाचंही तेच. मी तेव्हा तीही चूक केली होती. ठाण्यात ब्राँझ किंवा स्टर्बाय ठेवा. गुलाबी-निळे कोरी दिसले तर घेऊ नका, रंग टोचलेले असतात. खरं तर आणूच नका. माझ्याकडे ब्राँझची पिल्लं मोठी झालीत, सहा मी देते. जाळीने पकडत नाही, कल्ल्यामागच्या पंखाचा काटा जाळीत अडकतो. भांड्यातून आणते.

बी-२०३: ताई 🙏🙏

मे

बी-२०३: ताई, मासे मधेच सुसाट वर जातात, तोंड बाहेर काढतात आणि परत खाली. पोरगी रडतेय. सी विंगमधून कुणी मूठभर मीठ घाला म्हणाले.

बी-४०२: मीठ नको! कोरींना मिठाचं पाणी मानवत नाही. अधूनमधून एखादा वर जात असेल तर तो हवा गिळतोय, त्याच्या आतड्यातूनच ती रक्तात जाते. ते त्याचं नेहमीचं आहे. सगळेच सारखे जात असतील तर पाण्यात प्राणवायू कमी. तापमान किती?

बी-२०३: ३१. आणि हो, सारखेच जातायत.

बी-४०२: टॉप उघडा, टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर लावा, दोन-तीन अंश उतरेल. स्पंज फिल्टरची हवा वाढवा. लाइट आज बंद. मी खाली येते, माझा बॅटरीवरचा पंप आणते, रात्री वीज गेली तर लागेल.

बी-२०३: २८.५ वर आलं. आता खाली बसलेत सगळे, एक मिशी हलवतोय. ती स्टूल घेऊन समोर बसलीय, उठायला तयार नाही.

ए-७०१: ताई, सहा फुटी टाकीवाल्यांचा फोटो आला. सकर मस्त पसरलाय लाकडावर. आम्ही रविवारी बघायला जाणार आहोत.

जुलै

बी-२०३: मी मिशीवाली, बाबांच्या फोनवरून. मावशी काल खूप पाऊस होता आणि आम्ही पाणी बदललं ते गार होतं. आज काचेवर छोटे छोटे गोळे चिकटलेत. मी मोजले. ४३. ही अंडी आहेत का?

बी-४०२: हो गं राणी, अंडीच आहेत!! गार पाणी आलं की त्यांना वाटतं नदीला पाऊस लागला. मादी पोटाखालच्या पंखांत अंडी धरून नेते आणि एकेक काचेवर चिकटवते. मोठे मासे ती खाऊन टाकतील, म्हणून बोटाने हळूच लोळवून काढायची. मऊ वाटतील पण फुटत नाहीत. चार-पाच दिवसांत पिल्लं निघतील. लहान डबा आणि बबलर घेऊन येतेय, तोवर हात धुऊन ठेव. साबण नको.

सी-१०५: पोरी, पिल्लं झाली की मलाही चार दे. टाकी मी आजच भरायला घेते, महिनाभर थांबेन.