गेमची स्ट्रीम फक्त संध्याकाळी अडखळते, रविवारी फायनल आहे – मदत हवी आहे

कुळागर | मंगळवार, रात्री ११:४२

लवकर मदत हवी आहे. आमच्या वाड्यावरच्या मुलांची फुटबॉल गेमची स्पर्धा मी यूट्यूबवर लाइव्ह दाखवते, समालोचनही मीच करते. १६ मुलं आहेत. सेमी आणि फायनल येत्या रविवारी संध्याकाळी ७ पासून. संध्याकाळी स्ट्रीम धक्के खात चालते. बॉल आत्ता मध्यरेषेवर दिसतो आणि पुढच्या क्षणी थेट जाळीत. मैदानाचं गवत म्हणजे नुसतं शेवाळ. माझा आवाज मात्र नीट जातो. दुपारी टेस्ट केली की सगळं झकास. नेट १०० एमबीपीएसचं आहे. कंपनीला दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "आमच्याकडून सगळं ठीक आहे" एवढंच उत्तर. ओबीएसमध्ये (स्ट्रीम पाठवायचं सॉफ्टवेअर) नक्की कुठलं सेटिंग बदलू ते सांगा.

रापणकार | मंगळवार, रात्री ११:५८

संध्याकाळी अडखळतं म्हणजे नेटच. ७ ते १० सगळा गाव मोबाइल घेऊन बसतो. आणि वायफायवर आहात ना? आपल्याकडची घरं चिऱ्याची. दीड फुटाच्या दोन भिंती आल्या की ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल पलीकडे पोचतच नाही. म्हापशाला जाऊन कॅट ६ ची केबल घ्या, २० मीटर, आणि सरळ राउटरला जोडा. माझा प्रश्न असाच सुटला.

ओली_भिंत | बुधवार, सकाळी ७:१५

केबल घ्यायच्या आधी थोडी माहिती द्या. लॅपटॉप की डेस्कटॉप? प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम काय? एन्कोडर (चित्र आवळणारा भाग) कुठला निवडलाय? बिटरेट (सेकंदाला किती माहिती पाठवता) किती? रिझोल्यूशन आणि फ्रेम किती? १०० चं नेट म्हणजे डाउनलोड, स्ट्रीमला अपलोड लागतो, तो किती?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ओबीएसमध्ये 'स्टॅट्स'ची खिडकी उघडा. तिथे तीन वेगवेगळे आकडे दिसतात. 'ड्रॉप्ड फ्रेम्स' वाढत असतील तर दोष नेटचा. 'एन्कोडिंग लॅग' वाढत असेल तर प्रोसेसरला चित्र वेळेत आवळता येत नाही. 'रेंडरिंग लॅग' वाढत असेल तर ग्राफिक्स कार्ड गेममध्येच दमलेलं आहे, ओबीएसला त्याच्याकडे वेळ उरत नाही. तिघांचे उपाय वेगळे आहेत. तो आकडा न बघता सेटिंग बदलणं म्हणजे ताप न मोजता गोळी घेणं.

कदंब_स्टॅंड | बुधवार, सकाळी ९:०२

एका मशीनवर गेम आणि स्ट्रीम दोन्ही करू नका. कॅप्चर कार्ड (एका मशीनचं चित्र दुसऱ्यात नेणारं) घ्या आणि दुसरा पीसी फक्त स्ट्रीमला ठेवा. मी तीन वर्षं असंच करतोय, एक फ्रेम जात नाही.

कुळागर | बुधवार, दुपारी १:२०

दुसरा पीसी कुठून आणू चार दिवसांत?

लॅपटॉप आहे. आय५ ११३००एच, आरटीएक्स ३०५०, ८ जीबी. अपलोड आत्ता मोजला, ३८ एमबीपीएस आला. बिटरेट २५०० केबीपीएस. १०८०पी ६०. एन्कोडर एक्स२६४, प्रीसेट 'मीडियम', मावसभावाने लावून दिलंय. केबल आधीपासूनच आहे रापणकार, राउटर माझ्याच खोलीत आहे. स्टॅट्स संध्याकाळी बघून सांगते.

रापणकार | बुधवार, दुपारी १:४४

हे आधी सांगायचं हो. पण मोजलेला अपलोड दुपारचा आहे, संध्याकाळी मोजा. मी अजून म्हणतो, नेट.

ओली_भिंत | बुधवार, दुपारी २:१०

आवाज नीट आणि चित्र धक्के खातंय, हे नेटच्या दोषासारखं वाटत नाही. नेट कमी पडलं की प्रेक्षकाकडे आवाजही तुटतो, गोल फिरत राहतो.

दोन गोष्टी मात्र आत्ताच दिसतात. एक, ११३००एच ला कोअर ४ च आहेत. त्यावर गेम चालू असताना प्रोसेसरवरच चालणारा एक्स२६४ 'मीडियम' म्हणजे एकाच बैलाने नांगरही ओढायचा आणि गाडीही. तुमच्या ३०५० मध्ये एन्कोडिंगचा वेगळा भागच आहे, एनव्हेंक. सेटिंग्जमध्ये आउटपुट, तिथे एनव्हेंक एच२६४ निवडा. गेमचे फ्रेम त्यामुळे फारसे कमी होत नाहीत.

दोन, शेवाळ. १०८०पी ६० साठी २५०० फारच कमी. यूट्यूब स्वतः त्याला १२ हजारांच्या आसपास सांगतं, ७२०पी ६० ला ६ हजार. फुटबॉलमध्ये कॅमेरा सरकला की सगळं गवत एकदम सरकतं, प्रत्येक पात्याची जागा बदलते, तेवढी माहिती २५०० मध्ये मावत नाही, मग एन्कोडर चौकोन पाडतो. पत्त्यांच्या गेमला २५०० पुरेल, फुटबॉलला नाही. ७२०पी ६०, सीबीआर (कायम एकच बिटरेट), ६०००, कीफ्रेम (पूर्ण चित्र) दर २ सेकंदांनी. ६००० म्हणजे ६ एमबीपीएस, तुमच्या ३८ मध्ये ते आरामात बसतं. बघणाऱ्या माणसाला फोनवर ७२० स्वच्छ दिसलेलं १०८० शेवाळापेक्षा बरं.

दुर्वा_डिचोली | बुधवार, दुपारी ३:३०

ताई, चॅनेल छान वाढतंय तर कमाईही सुरू करा. १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास बघितलं गेलं की जाहिरातींसाठी अर्ज करता येतो. माझ्या जिजीच्या पाककृतींच्या चॅनेलला मिळालं.

कुळागर | बुधवार, रात्री ८:५५

दुर्वा, ते नंतर बघू, आत्ता फायनल वाचवायची आहे.

आकडे आणलेत. संध्याकाळी ७:१० ते ७:५० स्ट्रीम केली. ड्रॉप्ड फ्रेम्स ० टक्के. एन्कोडिंग लॅग १९.४ टक्के. रेंडरिंग लॅग ६ टक्के. भाऊही म्हणाला, गेम हाताला जड लागतो, शॉट उशिरा बसतो. पण दुपारी हाच लॅपटॉप, हेच सेटिंग, तेव्हा दोन्ही आकडे १ टक्क्याच्या आत! हे मला कळतच नाही.

ओली_भिंत | बुधवार, रात्री ९:०८

ड्रॉप्ड ० म्हणजे नेट सुटलं, त्याच्यावर आता वेळ घालवू नका. संध्याकाळी तुमचा लॅपटॉपच हळू होतोय. खोलीत काय बदलतं संध्याकाळी?

फोंडा_३४ | बुधवार, रात्री ९:२६

गरम होतोय. माझं दुकान आहे, पावसाळ्यानंतर असे लॅपटॉप रांगेने येतात. गेल्याच आठवड्यात एक उघडला, देवघराच्या खोलीत ठेवायचे. पंख्याच्या तोंडाशी धूळ, उदबत्तीची काजळी आणि दमट हवा मिळून लोकरीच्या तुकड्यासारखा थर बसलेला, चिमट्याने अख्खा उचलून बाहेर आला. त्यातून वारा जाणार कुठून? तापला की प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. साफ करून घ्या, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदला.

कदंब_स्टॅंड | बुधवार, रात्री ९:४०

म्हणून म्हणालो, लॅपटॉपवर हे काम करूच नये.

रापणकार | बुधवार, रात्री १०:०१

तापत असेल तर दुपारी जास्त तापायला हवा ना? ऑक्टोबरची दुपार आहे. संध्याकाळी गार होतं, वर आजकाल रोज ६ नंतर गडगडून पाऊस. मग संध्याकाळीच का?

वायरमन_पेडणे | बुधवार, रात्री १०:१९

रापणकार बरोबर बोलले. आणि त्यांच्या वाक्यातच उत्तर असेल असं मला वाटतं. बाये, संध्याकाळी गडगडायला लागलं की लॅपटॉपचा चार्जर लावलेला असतो की काढलेला?

कुळागर | बुधवार, रात्री १०:३१

काढलेला! गेल्या वर्षी वीज पडून शेजारच्या काकांचा टीव्ही आणि फ्रीज दोन्ही गेले, तेव्हापासून पहिली वीज चमकली की आई घरातले सगळे प्लग काढत फिरते. राउटरचाही काढते, तो त्याच्या छोट्या बॅटरीवर चालतो. लॅपटॉपची बॅटरी दोन तास टिकते म्हणून मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. स्ट्रीम बंद पडत नाही ना.

ओली_भिंत | बुधवार, रात्री १०:४०

बंद पडत नाही, पण गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर निम्म्या दमानेच चालतात. बॅटरीतून तेवढी वीज एकदम निघत नाही, म्हणून प्रोसेसर आणि कार्ड दोघांचा वेग मशीनच उतरवतं. एनव्हिडियाचं 'बॅटरी बूस्ट' चालू असेल तर गेम ३० फ्रेमवरही बांधला जातो, भावाला जड लागतो तो त्यामुळेही असेल. वायरमन काका, नमस्कार तुम्हाला. मी एन्कोडरच बघत बसलो होतो.

आत्ता पाऊस नसेल तर एक करून बघा. स्टॅट्स उघडी ठेवून गेम चालू करा आणि चार्जर काढा.

कुळागर | बुधवार, रात्री ११:१७

केलं. भावाला गेम दिला आणि मी आकड्यांवर डोळा ठेवून पिन काढली. स्क्रीन थोडी काळवंडली. 'फ्रेम रेंडर व्हायला लागणारा सरासरी वेळ' ४ मिलिसेकंद होता, तो ९, मग १५, मग २१. मिनिटभरात एन्कोडिंग लॅगचा आकडा लाल. पिन परत लावली, खाली आला. तीन वेळा केलं, तीनही वेळा तेच.

ओली_भिंत | बुधवार, रात्री ११:२५

६० फ्रेमच्या स्ट्रीममध्ये एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. २१ लागले की फ्रेम गळणारच. झालं, आजार सापडला.

रापणकार | गुरुवार, सकाळी ८:०५

मग सोपं आहे. चांगला सर्ज प्रोटेक्टर घ्या आणि चार्जर लावून ठेवा.

वायरमन_पेडणे | गुरुवार, सकाळी ८:३०

कृपा करून असं सांगू नका. ३१ वर्षं तारांवर काम केलंय. सर्ज प्रोटेक्टर लाइनमधले छोटे झटके खातो, तेही घराचं अर्थिंग नीट असेल तरच. जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो, कोणी वर्षानुवर्षं पाणी घालत नाही. जवळच्या माडावर वीज पडली तर तो डबा काही वाचवणार नाही. बाये, तुझी आई करते ते शंभर टक्के बरोबर आहे. मात्र प्लग गडगडाट दूर असतानाच काढायचा, डोक्यावर आल्यावर हात लावायचा नाही. आणि त्या वेळी राउटरला गेलेली केबलही काढ, तांब्याचीच तार ती, वायफाय वापर. फायबर काचेचा असतो, त्यातून वीज येत नाही, पण बाकी सगळ्या तारांतून येते.

फोंडा_३४ | गुरुवार, सकाळी १०:१२

स्पर्धा सकाळी ठेवा. या दिवसांत सकाळी आभाळ मोकळं असतं.

कुळागर | गुरुवार, दुपारी १:०५

तो विचार केला. पण मामा मस्कतला, रविवारी त्याची ड्युटी ५ ला सुटते, तेव्हा इथे ६:३० वाजलेले असतात. वाड्यावरची चार घरं इंग्लंडात स्विंडनला आहेत, आपले सकाळचे ११ म्हणजे त्यांचे ६:३०, रविवारी कोण उठणार? ७ ची वेळ त्यांच्यासाठीच ठरली. खेळणाऱ्यांत दोघांचे पुतणे आहेत. माणसं बघणार नसतील तर स्ट्रीम कुणासाठी करू?

मांडवीकाठ | गुरुवार, दुपारी २:४०

वाड्यावर अजून फुटबॉलचं एवढं वेड आहे हे वाचून बरं वाटलं. आमच्या वेळी धेंपो क्लबची मॅच असली की फातोर्ड्याला जायला बसमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. पाच वेळा देशाची लीग जिंकली त्यांनी. साळगांवकर, चर्चिल, सगळे गोव्याचे. आताच्या पोरांना स्टेडियमपेक्षा स्क्रीनवरच...

रापणकार | गुरुवार, दुपारी ३:१५

मांडवीकाठ, ही पोरं मैदानातही खेळत असतील. आणि चर्चिल दोनदा जिंकले, तेही लिहा. माझ्या काकांनी तेव्हा फेस्ताला असतात तेवढे फटाके लावले होते.

ओली_भिंत | गुरुवार, रात्री ९:३०

विषयावर येऊ. ओबीएसमध्ये दोन प्रोफाइल करा.

'चार्जर' नावाचं पहिलं: एनव्हेंक, ७२०पी ६०, ६०००. गेमचे फ्रेम गेमच्याच सेटिंगमध्ये ६० वर बांधा, म्हणजे कार्डाला ओबीएससाठी श्वास उरेल. ओबीएस 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा, विंडोज त्याला कार्डावर आधी जागा देतं.

'बॅटरी' नावाचं दुसरं: एनव्हेंक, ७२०पी ३०, ४०००. गेमचे ग्राफिक्स सगळ्यात खाली, प्रेक्षकांची गर्दी बंद. ३० फ्रेमला एका फ्रेममागे ३३ मिलिसेकंद मिळतात, तुमचे २१ त्यात बसतात.

स्ट्रीम चालू असताना प्रोफाइल बदलता येत नाही, थांबवावी लागते. म्हणून यूट्यूब स्टुडिओत 'ऑटो-स्टॉप' आधी बंद करा, नाहीतर तुम्ही थांबवताच तिथे कार्यक्रमच संपेल. बंद असेल तर त्याच लिंकवर परत सुरू होतं. आणि ब्राउझर मिटवा, ८ जीबीत तो मावत नाही. रॅमचा एक स्लॉट मोकळा असेल तर पुढे कधीतरी आणखी ८ जीबी टाका.

कदंब_स्टॅंड | शुक्रवार, सकाळी ९:२०

माझा जुना आय३ पीसी पडून आहे, पण पर्वरीत. पुढच्या स्पर्धेला हवा असेल तर सांगा, खरंच देतो.

कुळागर | रविवार, रात्री १०:४८

झाली फायनल!

पहिला सेमी चार्जरवर गेला, लॅग ०.१ टक्के, गवत गवतासारखं दिसलं. ७:२२ ला वाळपईच्या बाजूने पहिला आवाज आला. आई दारात येऊन उभी राहिली, काही बोलली नाही. मी माइकवर सांगितलं, मंडळी, पाऊस येतोय, दोन मिनिटं थांबा. स्ट्रीम थांबवली, चार्जर काढला, केबल काढली, 'बॅटरी' प्रोफाइल लावलं, परत चालू. मामाने नंतर सांगितलं, त्याच्याकडे दीड मिनिट चित्र नव्हतं, मग आपोआप आलं. दुसरा सेमी आणि फायनल पूर्ण बॅटरीवर. शेवटी एन्कोडिंग ०, रेंडरिंग १.२ टक्के, बॅटरी १८ उरली. ३० फ्रेमचा फरक खेळणाऱ्यांना जाणवला, बघणाऱ्यांपैकी कोणीच काही बोललं नाही. पेनल्टीवर निकाल लागला आणि स्विंडनहून चॅटमध्ये घुमट वाद्याचे आवाज लिहून पाठवले सगळ्यांनी.

वायरमन काका, आईला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. ती म्हणाली, अर्थिंगच्या खड्ड्यात उद्याच पाणी घालू. ओली_भिंत, कदंब_स्टॅंड, सगळ्यांना देव बरें करूं. पीसी डिसेंबरच्या स्पर्धेला नक्की मागेन.

दुर्वा_डिचोली | रविवार, रात्री ११:०५

अभिनंदन ताई! माइक कुठला वापरता? आवाज फार छान येतो.

वायरमन_पेडणे | सोमवार, सकाळी ६:५०

पाण्याबरोबर मीठ आणि कोळसाही घाल खड्ड्यात. आणि वायर पट्टीला घट्ट आहे का ते बघ, गंजून सैल होते.