ब्रिटिश शिस्तीचे? ॲमस्टरडॅमला विचारा
काही जण म्हणतात की ब्रिटिश पर्यटक रांग न मोडणारे, गोंगाट काय तो आशियाई गटांचा. अर्धंच पटलं. ॲमस्टरडॅमने २०२३ साली 'इकडे फिरकू नका' अशी चक्क जाहिरात मोहीम काढली आणि तिचा पहिला रोख होता १८ ते ३५ वयाच्या ब्रिटिश पुरुषांवर! लग्नाआधीच्या दारूपार्टीसाठी त्या शहरातलं काही इंटरनेटवर शोधलं, की पडद्यावर दंड, अटक वगैरेंचे इशारे.

स्वस्त विमानाने शनिवार-रविवार झिंगायला येणारं टोळकं आणि संग्रहालयं बघणारं निवृत्त जोडपं, पासपोर्ट एकच. कुठल्या गावाच्या वाट्याला कोण येतं, त्यावर शिक्का ठरतो. गोंगाटाचं म्हणाल, तर तीस जणांचा गट कुठल्याही देशाचा असो, कलकलाट करणारच. चीनने मात्र हे मनावर घेऊन २०१३च्या पर्यटन कायद्यात पर्यटकांनी सभ्य वागावं असं कलमच घातलंय.