वेताळ टेकडीवर सायकल: पायवाटा सोडा, जाळरेषा वापरा

गियरवाला:
पुण्यातल्या वेताळ टेकडीवर माउंटन बाइक चालवावी की नाही, यावरून सायकलवाले आणि फिरायला येणारे यांच्यात सारखी जुंपते. सगळ्या सायकली बंद करा, अशी मागणीही होते. मला ती पटत नाही. पण पायवाटांवरून सायकल हाणणंही पटत नाही. सायकल जाळरेषांवर आणि रुंद कच्च्या रस्त्यांवर आणा.

वणवा पुढे सरकू नये म्हणून वनखातं गवत कापून, जाळून जो मोकळा पट्टा ठेवतं ती जाळरेषा. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून, त्यामुळे त्याच्या आधीच ती साफ केलेली असते. लांबवरचं दिसतं, दोघांना शेजारून जाता येतं. गिरिपुष्पाच्या झाडांच्या गर्दीतल्या वळणावर अचानक माणूस समोर येतो, तसं तिथे होत नाही.

सिंहगडाचा डांबरी घाट दम वाढवतो, बाकी काही शिकवत नाही. सुट्या मुरमावर चढताना सीटवरून उठलात की मागचं चाक जागीच फिरतं. बसून, पुढे झुकून, हलक्या गियरवर पायडल एकसारखं मारावं लागतं. उतरताना उलटं: बूड सीटच्या मागे, दोन्ही ब्रेकवर एकेकच बोट. कोथरूड-पाषाणच्या पोरांना हे घरून सायकलवर निघून शिकता येतं, ते त्यांच्याकडून काढून घेऊ नका.

रोज_पहाटे:
तुमचा हेतू चांगला आहे, पण आम्ही म्हातारी माणसं चालतो कुठे? त्याच रुंद वाटांवर, कारण तिथे पाय मुरगळत नाही. सायकलचा आवाज येत नाही. मागून ‘काका, बाजूला!’ ऐकू येतं तेव्हा ती खांद्यापाशी आलेली असते, मग दचकून नेमकं तिच्याच बाजूला सरकायला होतं. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस पुन्हा टेकडी चढत नाही. बहुतेक सायकलींना साधी घंटीही नसते.

चंडोल:
मला वेगळीच काळजी आहे. मोकळी जमीन म्हणजे रिकामी जमीन नव्हे. टिटवी साधारण मार्च ते ऑगस्ट उघड्या मुरमावरच अंडी घालते, बहुधा चार, मातकट रंगाची आणि काळ्या ठिपक्यांची. दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. चंडोलाचं घरटंही जमिनीवरच, गवताच्या बुंध्याशी. गवत काढलेला पट्टा तुम्हाला सायकलसाठी सोयीचा वाटतो, टिटवीला तो घरासाठी सोयीचा वाटतो.

शिवाय सलग समतल चरांचे बांध. ते पाणी मुरवायला खणलेत, काही जण त्यांवरून उड्या मारतात. बांध एका जागी फुटला की चरातलं सगळं पाणी तिथूनच पळतं आणि खाली ओघळ पडतो.

गियरवाला:
बांधांवरून उड्या मारणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही, तो धिंगाणाच आहे. पण झीज फक्त चाकांनी होते हे खरं नाही. अमेरिकेत मोंटानातल्या वाटांवर केलेला एक प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यात चाकांपेक्षा घोड्यांनी आणि चालणाऱ्यांनी जास्त माती सुटी केल्याचं दिसलं.

चंडोल:
तिथली माती तिथली. इथे बेसॉल्टवर वीतभर मुरूम, तोही नशिबाने. मागचं चाक लॉक करून घसरत उतरलं की सलग खाच पडते आणि जूनमध्ये पाणी तिलाच वाट करतं. बुटाचे ठसे तुटक असतात, खाच तुटक नसते.

सातासमुद्रापार:
मी कॅलिफोर्नियात मरीन काउंटीजवळ राहते. हा खेळ वाढला तो इथल्याच माउंट टॅम (टॅमलपाइस) डोंगराच्या परिसरातल्या वणवारस्त्यांवर, म्हणजे वणवा विझवायला गाड्या नेता याव्यात म्हणून केलेल्या कच्च्या रस्त्यांवर. १९७६ मध्ये लोक जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन एका उतारावर शर्यती लावू लागले. मागच्या चाकाच्या हबमधला (मधल्या तुंब्यातला) ब्रेक इतका तापायचा की ग्रीस जळून जायचं आणि खाली आल्यावर नवीन भरावं लागायचं. त्यावरूनच शर्यतीचं नाव ‘रीपॅक’ पडलं. आज टॅमवरच्या पाणलोटाच्या जमिनीवर वणवारस्ते सायकलला खुले, अरुंद वाटा बहुतेक बंद. वेग ताशी १५ मैल, कुणाच्या शेजारून जाताना ५. रेंजर रडार गन घेऊनही उभे राहिलेत. तरी भांडण मिटलेलं नाही. गियरवाला म्हणतात तो मार्ग मला योग्य वाटतो, पण नियम मोडणाऱ्याला अडवणारं कोणी असेल तरच.

गियरवाला:
मग असं करूया. पावसाळ्यात आणि वाट ओली असेतोवर सायकल पूर्ण बंद. घरटी आढळली की तेवढी जाळरेषा पक्षी उडेपर्यंत बंद, ती कुठली हे चंडोल यांच्यासारख्यांनी सांगावं. घंटी सक्तीची. सकाळी साडेआठपर्यंत सायकलने टेकडीवर यायचंच नाही.

चंडोल:
पावसाळ्याचं मान्य. घरट्यांचं नाही. आपल्याला दिसतात त्याहून न दिसणारी जास्त असतात. मार्चपासून फक्त गाड्या जातात तेवढे रस्ते वापरा, जाळरेषा सोडा.

रोज_पहाटे:
साडेआठचं मला चालेल. पण आमच्यातले बरेच जण संध्याकाळीही येतात, आणि अंधार पडताना उतरणारी सायकल सकाळच्यापेक्षा धोक्याची. पाचनंतरचं काय, ते आधी सांगा.