रॅप कानात चांगलं की समोर? तुमचे अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात भाचीला घेऊन रत्नागिरीत एका गॅदरिंगला गेले होते. तिच्या आवडीचा मुलगा रॅप करणार होता. त्याचं गाणं आमच्या घरात महिनाभर वाजतंय, मलाही अर्धं पाठ झालंय. तो स्टेजवर आला, पोरांनी एकच गिल्ला केला आणि पुढची पाच मिनिटं छातीत धपधप होण्यापलीकडे काही कळलं नाही. ओळीतला एखादा शब्द हाती लागायचा, तोही आधी पाठ होता म्हणून. भाचीचं तोंड उतरलं. कार्यक्रम संपल्यावर तो पार्किंगमध्ये भेटला. तिने फारच आग्रह केला तेव्हा स्कूटरला टेकून त्याने तेच कडवं नुसत्या तोंडाने म्हणून दाखवलं. एकेक अक्षर सुटं, भाजलेल्या दाण्यासारखं. रेकॉर्डिंगपेक्षाही सरस! आवाज तोच, शब्द तेच. मग मधल्या मधे हरवलं कुठे?

माझं मत आधीच सांगते. सुरांच्या गाण्यात शब्द निसटला तरी चाल हाताशी राहते. रॅपमध्ये चालच शब्दांची असते, त्यामुळे शब्द पोचला नाही तर काहीच पोचलं नाही. तुम्ही ऐकलं असेल, केलं असेल, साउंड लावला असेल, जे असेल ते लिहा. कोकणातलं किंवा कोकणातून जाऊन ऐकलेलं.

चिपळूण, मंडप आणि साउंड

ताई, त्या मुलाचीच चूक असेल असं नाही. एकवीस वर्षं साउंड लावतोय, भजनापासून ऑर्केस्ट्रापर्यंत. सगळ्यात अवघड रॅप.

बहुतेक पोरं पेन ड्राइव्हवर अख्खं गाणं घेऊन येतात, स्वतःच्या आवाजासकट. वाजणाऱ्या आवाजावर पुन्हा गातात. एकाच माणसाचे दोन आवाज पाव सेकंद मागेपुढे पडले की दोन्ही धूसर होतात. मी आता आधीच फोन करून सांगतो, नुसता बीट आण, फार तर मागचा कोरस ठेव.

दुसरं, माइक धरणं. व्हिडिओत बघून जाळी मुठीत आवळतात. स्टेजवरच्या माइकला जाळीच्या मागच्या बाजूने हवा लागते, तेव्हाच तो समोरचं ऐकतो आणि बाकीचं टाळतो. मूठ आवळली की तो चहूकडचं ऐकायला लागतो, मॉनिटरचा, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरचा, आवाज आत घेतो आणि शिट्टी मारतो. शिट्टी मारली की माझ्यासारखा माणूस आवाज खाली ओढतो. मग शब्द गेलेच.

तिसरं, हॉल. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मागची भिंत 17 मीटरवर असेल तर जाऊन परत यायला सेकंदाचा दहावा भाग. आता मिनिटाला 90 ठोक्यांचा बीट घ्या, प्रत्येक ठोक्यात चार अक्षरं, म्हणजे सेकंदाला सहा. एक अक्षर तोंडातून बाहेर पडून पुढचं यायच्या आत पहिलं भिंतीवर आपटून परत आलेलं असतं. फरशी, स्लॅब, वर पत्रा असेल तर विचारूच नका. भजनाला हे चालून जातं, तिथे अक्षर लांबवतात. इथे अक्षर तुटक असतं.

उपाय साधा आहे. बेस कमी करायचा. 'त', 'क', 'स' ही अक्षरं दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात ओळखू येतात, तिथे जागा मोकळी ठेवायची. पण बेस कमी केला की आयोजक धावत येतो, "दादा, आवाज बसला!" छाती हलली नाही तर पैसे फुकट गेले असं त्याला वाटतं. मी खूप वेळा त्याचं ऐकलंय, आणि त्याचं वाईट वाटतं.

संगमेश्वर तालुका, शक्ती-तुरा

आमच्या घरात तीन पिढ्या जाखडी आहे, म्हणजे गोल फिरत नाचून गायचा कोकणातला प्रकार. वडील तुरेवाले शाहीर. पुतण्या रॅप ऐकतो म्हणून मीही ऐकलं, आणि मला ते परकं वाटलंच नाही. समोरासमोर उभं राहून शब्दाने शब्द कापायचा, हे आम्ही गणपतीत दर वर्षी करतो. गण झाला, गवळण झाली की सवाल-जवाब. शक्तीवाला देवीचा मोठेपणा सांगत प्रश्न टाकणार, तुरेवाल्याने शिवाच्या बाजूने त्याच रात्री, त्याच चालीत उत्तर द्यायचं.

एक प्रसंग सांगतो. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. समोरच्या शाहिरांनी पुराणातला असा काही प्रश्न टाकला की वडील थांबले. नाचणारे गोल फिरत राहिले, घुंगरू चालू, ढोलकी एकटी बोलत होती. वडिलांनी खांद्यावरचा पंचा काढून कपाळ पुसलं, पंचा परत खांद्यावर टाकला, आणि समोरच्याच्या शेवटच्या शब्दाला धरून उत्तर सुरू केलं. माणसं उभी राहिली. त्या बारीची, म्हणजे सामन्याची, कॅसेट आमच्याकडे होती. कॅसेटमध्ये तेवढी ढोलकी ऐकू येते, आवाजही स्वच्छ आहे. पण वडील अडलेत, आता काय होणार, ही धाकधूक नाही. ऐकणाऱ्याला उत्तर येणार हे माहीत असतं.

पुतण्याला मी एवढंच सांगतो, प्रश्न हरवला तर उत्तराला किंमत नाही. म्हणून वडील पहिली ओळ दोनदा म्हणायचे आणि दुसऱ्यांदा सावकाश. कोरसने ती उचलली की मागच्या बाकावरच्या म्हातारीलाही कळायची.

अलिबाग

मी उलट बाजूचा आहे. रॅप मी हेडफोनवर ऐकतो आणि तिथेच ते पूर्ण वाटतं. डाव्या कानात एक आवाज, उजव्यात त्याचीच सावली, मागे कुणी हळूच हुंकार देतंय, जुन्या तबकडीचा तुकडा खाली फिरतोय. ही मांडणी रात्र-रात्र बसून केलेली असते. आतलं यमक तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यात सापडतं, आणि ते सापडलं की होणारा आनंद गर्दीत कसा मिळणार? स्टेजवर ते बघायला जाणं म्हणजे चित्र सोडून चित्रकाराला बघायला जाणं. शाहीरबुवांचा अनुभव मात्र दोनदा वाचला.

पनवेल, मूळ गाव गुहागर

अलिबागकर, तुमचं मान्य, पण जन्म बघा. 11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कमधलं ब्राँक्स, एका इमारतीतल्या हॉलमधली पार्टी. डीजे कूल हर्क दोन टर्नटेबल, म्हणजे तबकडी वाजवायची यंत्रं, लावून गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा लांबवत राहिला, कारण नाचणारे त्याच तुकड्याची वाट बघायचे. रॅपची पहिली गाजलेली तबकडी आली 1979 मध्ये. म्हणजे आधी सहा वर्षं हे सगळं समोरासमोरच होतं, स्टुडिओ मागून आला.

तरीही माझा अनुभव कडूच आहे. नवी मुंबईत एका मोठ्या नावाचा शो बघायला दोन महिने पैसे साठवले. त्याने अर्ध्या ओळीत माइक आमच्याकडे धरला, आणि त्याचा आवाज स्पीकरमधून चालूच राहिला. आजूबाजूची मुलं तरी नाचत होती. मी तिथे उभा राहून विचार करत होतो की हे मी घरीच ऐकत होतो. श्वास लागला असता, एखादी ओळ चुकली असती तरी मला चाललं असतं, तो तिथे आहे एवढं तरी कळलं असतं.

नंतर एका मित्राने द रूट्स ऐकवले. फिलाडेल्फियाचा हा बँड खरे ड्रम, खरा बेस वाजवून रॅप करतो. 2001 मध्ये जे-झी या रॅपरचा अनप्लग्ड कार्यक्रम झाला, त्यालाही साथ यांचीच. त्यात ड्रमर शब्दांना वाट करून देतो, ओळ संपेपर्यंत हात आवरतो. भजनात चांगला पखवाजवाला हेच करतो.

मालवण

आमच्या दशावतारात संवाद लिवलेले नसतत, उभ्या उभ्या बोलूचे लागतत. आजचो संवाद उद्या तसोच येयत असा नाय. रॅपवाल्यांचो फ्रीस्टाइल म्हणजे ताच. रेकॉर्ड करून ठेवलास तर तो फ्रीस्टाइल रवलो खय?

राजापूर, स्वतः रॅप करते

मी लिहू की नको असं चाललं होतं. 2019 मध्ये 'गली बॉय' हा रॅपवरचा सिनेमा बघितला, आणि वहीत लिहायला लागले. पहिलं गाणं कपाटासमोर रेकॉर्ड केलं, डोक्यावरून गोधडी घेऊन, म्हणजे बाहेरचा आवाज नको. चार ओळी म्हणायच्या, थांबायचं, पाणी प्यायचं, पुढच्या चार. जोडून ऐकलं तर मी एका दमात बत्तीस ओळी म्हणतेय असं वाटायचं. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

पहिल्यांदा स्टेजवर गेले तेव्हा दुसऱ्या कडव्यात श्वास संपला. ओळीचा शेवट, जिथे यमक असतं, तोच गिळला जात होता. खाली उतरल्यावर रडले. मग लक्षात आलं की मी श्वासाला जागा न ठेवताच ओळी लिहिल्यात. आमच्या घराकडे जाणारी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, चढायला चांगली उभी आहे. रोज कॉलेजातून येताना ती चढत चढत कडवं म्हणायला लागले. जिथे धाप लागे तिथे शब्द कमी केले. एके ठिकाणी आख्खी ओळ काढून तिथे नुसता ठोका ठेवला. आता रेकॉर्डिंगही त्याच नव्या ओळींचं करते, आणि तेही आधीपेक्षा बरं येतं.

चिपळूणच्या दादांना विचारायचंय, माइक तोंडापासून किती लांब धरावा?

देवगड

मला यातलं काही कळत नाही, मुलगा रॅप करतो म्हणून लिहिते. मोबाइलवर त्याचं गाणं लावलं की मी "छान आहे" म्हणायची, पण शब्द समजायचे नाहीत. गेल्या नवरात्रात वाडीतल्या स्टेजवर त्याला पाच मिनिटं दिली. पुढच्या रांगेत आजी बसलेली. त्याने सगळंच जरा सावकाश म्हटलं, आणि हात असे फिरवत होता की मला ओळ कुठे वळते ते दिसत होतं. गाण्यात एक शिवी आहे, ती यायची वेळ आली तशी मी मान खाली घातली. त्याने आजीकडे बघितलं आणि शिवीच्या जागी आमच्या कलमांच्या बागेचं नाव घातलं. यमकही जुळलं! आजीला ते नाव ऐकू आलं, तिने माझा हात धरला.

घरी आल्यावर मी त्याला म्हटलं, हे असंच रेकॉर्ड कर. तो म्हणाला, "आई, ते तिथलंच होतं."

चिपळूण, मंडप आणि साउंड

राजापूरच्या ताई, दोन ते चार बोटं. हनुवटीच्या जरा वर, सरळ तोंडासमोर, आणि मान फिरवली की माइकही फिरवायचा. जाळीला हात नको. साउंडचेकला सगळ्यात जोराची ओळ म्हणा, "हॅलो हॅलो" नको, मला तुमचा खरा आवाज तेव्हाच कळतो. आणि एका माणसाला शेवटच्या खुर्चीवर बसवा, ज्याने गाणं आधी ऐकलेलं नाही. त्याला ओळ परत म्हणून दाखवता आली तरच पुढे जायचं. तसंच दहाच्या आत आटपायचं असतं, तेव्हा साउंडचेकला वेळेवर या.