९९९ रुपयांतून १८ टक्के जीएसटी कसा वेगळा काढायचा?

प्रश्न: ९९९ चे १८ टक्के १७९.८२ वजा केले, उरले ८१९.१८. त्यावर पुन्हा १८ टक्के लावले तर ९६६.६३ च होतात. कुठे चुकतंय?

उत्तर १: कर मूळ किमतीवर असतो, एकूण रकमेवर नाही. म्हणून वजाबाकी नको, १.१८ ने भागा: ८४६.६१. उरलेले १५२.३९ हा कर. ५ टक्क्यांना १.०५ ने भागायचं.

उत्तर २: भागाकार बरोबर आहे, पण बिल राज्यातलंच असेल तर पुढे एक पैसा अडतो. सीजीएसटी (केंद्राचा वाटा) ९ टक्के ७६.१९, एसजीएसटी (राज्याचा वाटा) तेवढाच, मूळ किमतीसह बेरीज ९९८.९९. तो पैसा ‘राउंड ऑफ’च्या ओळीत दाखवा, कराच्या आकड्यात कृपया घुसवू नका. आणि बिलात सूट दाखवणार असाल तर ती कर लावण्याआधी मूळ किमतीतून वजा करा.

प्रश्नकर्ता: जुळलं! आभार.