मदत हवी आहे: २०१२ च्या पोलोला नव्या पोलोचे एलईडी टेललाइट, पत्र्याला बसले पण वायरिंग जुळत नाही

कोथरूड_पोलो
गाडी २०१२ ची फोक्सवॅगन पोलो, पेट्रोल. २०१४ नंतरच्या पोलोसाठी बाजारात मिळणारी एलईडी टेललाइटची जोडी घेतली आहे. पार्किंग, ब्रेक आणि इंडिकेटर एलईडी, रिव्हर्सला साधा बल्ब. पत्र्याशी फट दोन्हीकडे सारखी येते, त्यामुळे आकाराची अडचण नाही. दिव्यांबरोबर सॉकेट मिळालं नाही, नुसत्या मोकळ्या वायरी आहेत. गाडीचा मूळ प्लग कापलेला नाही. वायरींची टोकं सोलून रंग जुळतील तशी त्या प्लगच्या पिनांत खोचली आणि वरून टेप गुंडाळली. आता हे होतंय:

उजव्या बाजूला ब्रेक दाबला की पार्किंग मंद होतं आणि इंडिकेटर चालू असेल तर ब्रेकचा लाल प्रकाश त्याच तालावर थरथरतो. डावी बाजू ठीक आहे.
दोन्ही बाजूंचे इंडिकेटर दुप्पट वेगाने फडफडतात.
गाडी लॉक केल्यावर डाव्या दिव्यात पार्किंगची बारीक लुकलुक दिसते, दहा-पंधरा मिनिटांनी थांबते.
परवाच्या पावसात उजव्या दिव्याच्या काचेआत धुकं आलं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात अर्धा कप पाणी सापडलं.

रेझिस्टर लावायचे का, किती ओहमचे आणि कुठे? आणि पाण्याचं काय करू?

वायरिंगवाला_हडपसर
आधी ती टेप काढा. पिनेत खोचलेली वायर गाडी हलली की सैल होते आणि तुमची पहिली तक्रार तिथूनच येतेय. उजव्या दिव्याचा अर्थ (करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) कच्चा आहे. पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर या सगळ्यांचा करंट परतताना एकाच अर्थच्या वायरीतून जातो. त्या जोडात चार-पाच ओहमचा अडथळा आला तरी एका दिव्याचा करंट वाढल्याबरोबर बाकीच्यांच्या वाट्याचे व्होल्ट कमी होतात. म्हणून ब्रेक दाबला की पार्किंग मंद होतं.

खात्री अशी करा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन डिकीतल्या रंग नसलेल्या बोल्टवर, लाल पिन दिव्याच्या अर्थ वायरीवर. पार्किंग आणि इंडिकेटर चालू करा, कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा, इग्निशन चालू ठेवून गाडी रिव्हर्समध्ये टाका (हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद). रिव्हर्सचा बल्ब २१ वॅटचा, एकटा पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे कच्चा अर्थ लगेच उघडा पडतो. मीटरवर ०.१ व्होल्टच्या आसपास यायला हवं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आलं तर दोष अर्थमध्येच.

दुसरं, रंग जुळवणं बंद करा. जर्मन गाड्यांत तपकिरी वायर अर्थची असते, एवढं गाडीच्या बाजूने धरून चाला. बाहेरच्या दिव्याच्या वायरींचे रंग बनवणारा स्वतःच्या सोयीने ठरवतो. तिथे काळी अर्थची असेल किंवा पार्किंगचीही असेल, त्यामुळे प्रत्येक वायर तपासूनच घ्यायची.

कोथरूड_पोलो
दिव्याच्या बाजूची वायर ओळखायची कशी? चुकून उलटं दिलं तर एलईडी जळणार नाहीत का?

वायरिंगवाला_हडपसर
कॉम्प्युटरच्या यूपीएसची किंवा अलार्मची १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी घ्या. प्लसच्या वायरीत ३ अँपिअरचा फ्यूज आणि त्याच्यापुढे १२ व्होल्ट ५ वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे त्याच वायरीत एकामागे एक, जोडा. हा बल्ब पहारेकरी आहे: काहीही चुकलं, अगदी शॉर्ट झालं, तरी त्याच्यातून अर्ध्या अँपिअरपेक्षा जास्त करंट जाणार नाही आणि तो स्वतः पेटून तुम्हाला सांगेल. आधी रिव्हर्सचा बल्ब होल्डरमध्येच ठेवून मीटर ओहमवर लावा. ज्या दोन वायरींत एक-दोन ओहमच्या आत आकडा येतो त्यातली एक रिव्हर्स आणि दुसरी अर्थ. होल्डरच्या बाहेरच्या कड्याशी जुळते ती अर्थ. ती बॅटरीच्या मायनसला लावा आणि बाकी वायरींना एकेक करून प्लस द्या. काय पेटलं ते कागदी चिकटपट्टीवर लिहून त्याच वायरीला गुंडाळा. सिरीज बल्बमुळे एलईडी जरा मंद दिसतील, त्याची काळजी नको.

गाडीच्या बाजूचा प्लगही असाच मोजायचा. एकेक स्विच चालू करा आणि कोणत्या पिनेवर व्होल्ट येतात ते लिहा. इथे एक गोष्ट नीट बघा. पार्किंगच्या पिनेवर पूर्ण बॅटरीइतके व्होल्ट आले तर सरळ मामला. तीन-चार-सहा असे अर्धवट आले तर गाडीचा बॉडी कॉम्प्युटर त्या दिव्याला तुकड्या-तुकड्यांनी पुरवठा करतोय आणि मीटर सरासरी दाखवतोय. अशा वेळी एलईडी लुकलुकतात. त्याचा आकडा इथे टाका.

नाना_पेठ_स्पेअर्स
जोडणीबद्दल. गाडीच्या मूळ हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) कात्री लावू नका, मध्ये एक छोटा तुकडा बनवा: एका टोकाला गाडीच्या प्लगमध्ये बसणारं सॉकेट, दुसऱ्या टोकाला नव्या दिव्याच्या वायरी. सॉकेट नवं शोधत बसण्यापेक्षा जुन्या, फुटलेल्या पोलोच्या टेललाइटचं बल्ब-होल्डरचं पॅनल घ्या. नाना पेठेत जुन्या सामानात विचारलं तर मिळून जातं. त्यावर प्लग बसतो तो भाग वापरा. उद्या गाडी विकताना मूळ दिवे पाच मिनिटांत परत बसतात.

वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची पुरते, अर्थला मात्र १.५ ची घ्या, सगळ्यांचा भार तिच्यावर असतो. जोड पिळून टेप नाही, क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून) वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, आत गोंद असलेली. साधी काळी टेप एप्रिलच्या उन्हात डिकीत चिकट होऊन सुटते. हीट श्रिंक, टर्मिनल, रेझिस्टर सगळं तपकीर गल्लीत एका फेरीत होतं. शेवटी पूर्ण तुकड्याला कापडी टेप गुंडाळा, नाहीतर खड्ड्यातून जाताना पत्र्यावर टकटक वाजत राहतं.

इलेक्ट्रिकल_ताई
रेझिस्टरचं मी सांगते. इंडिकेटर फडफडतो कारण गाडीला तिथे २१ वॅटचा बल्ब अपेक्षित आहे. एलईडी त्याच्या एका लहान अंशाइतकाच करंट ओढतो, गाडी समजते बल्ब उडाला. त्यावर ६ ओहम ५० वॅटचा सोनेरी अॅल्युमिनियम आवरणाचा रेझिस्टर, इंडिकेटरची वायर आणि अर्थ यांच्यामध्ये, म्हणजे एलईडीला समांतर. तो बल्बच्या वाट्याचा करंट ओढतो. प्रत्येक बाजूला एक. सिरीजमध्ये लावला तर उपयोग शून्य.

इंजिन चालू असताना साडेतेरा व्होल्ट धरले तर ६ ओहममधून सव्वादोन अँपिअर जातात आणि ३० वॅट उष्णता होते. इंडिकेटर निम्मा वेळ बंद असतो म्हणून सरासरी १५. हॅझर्ड लावून दहा मिनिटं उभं राहिलात तर हात लावता येणार नाही इतका तापतो. म्हणून तो दोन स्क्रूंनी आतल्या पत्र्याला घट्ट बसवायचा, मध्ये थोडी थर्मल पेस्ट. प्लास्टिकच्या अस्तरापासून, फेल्टपासून आणि वायरींपासून दोन इंच तरी लांब. केबल टायने वायरीलाच बांधलेला रेझिस्टर ही आगीची तयारी आहे, कृपा करून तसं करू नका. बाहेरून दिसणाऱ्या पत्र्यालाही भोक पाडू नका.

हाच ६ ओहमचा ब्रेकच्या वायरीवर कधीही लावायचा नाही. ब्रेक लुकलुकत नाही, तो सलग पेटतो. गर्दीच्या सिग्नलला पाय ब्रेकवर ठेवून पाच मिनिटं उभं राहणं रोजचं आहे. तेवढा वेळ सलग ३० वॅट म्हणजे अस्तर वितळेल.

लुकलुकीचं कारण वेगळं आहे. लॉक केल्यावर कॉम्प्युटर काही मिनिटं जागा असतो आणि बल्ब शाबूत आहे का हे बघायला बारीक झटके पाठवतो. फिलामेंट तेवढ्यात तापत नाही, एलईडी मात्र चमकतो. कॉम्प्युटर झोपला की लुकलुक थांबते, तुमचं दहा-पंधरा मिनिटांचं लक्षण तेच आहे. पार्किंगच्या वायरीवर ४७ ओहमचा १० वॅटचा रेझिस्टर समांतर लावा. त्यात चार वॅटच्या आत उष्णता होते, तरीही पत्र्यालाच बसवा.

सिंहगड_रोड_डेंटिंग
पाण्यावर कोणी बोललं नाही. नवा दिवा लावताना जुनी फोमची गॅस्केट तशीच वापरली असणार. ती एकदा दबली की परत फुगत नाही. दिव्याच्या मागचा जुना फोम खरवडून काढा, दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बंद पेशींचा ६ मिलिमीटरचा फोम लावा. पट्टीचा जोड खालच्या बाजूला येऊ द्या, वर नाही. वर आला की पाण्याला दारच.

पोलोला आतून हाताने फिरवायचा मोठा प्लास्टिकचा नट आहे. तो हातानेच आवळायचा. पक्कड लावली की दिव्यातला बोल्ट बसवलेला भाग तडकतो आणि तिथूनच पाणी झिरपतं. दिवा काढताना बाजूच्या पेंटवर मास्किंग टेप लावा आणि सरळ मागे ओढा. तिरका ओढला तर बाजूची खुंटी मोडते.

तपासणी: डिकीत आतल्या कडेला टाल्कम पावडर फवारा, वरून मगाने हळू पाणी सोडा, पाच मिनिटं. वॉशिंगचा प्रेशर पंप नको, तो चांगल्या गॅस्केटमधूनही पाणी घालतो. पावडरीत ओघळ दिसेल तिथे गळती. वायर आत शिरते त्या रबराच्या आधी तिला खाली एक झोल ठेवा, म्हणजे वायरीवरून येणारं पाणी झोलावरून गळून जाईल.

काचेतलं धुकं वेगळं. बारीक वाफ असेल आणि कोरड्या दिवशी जात असेल तर दोष नाही. एलईडी बल्बसारखे तापत नाहीत म्हणून तिला वेळ लागतो. थेंब लोंबत असतील तर दिवा फुटका किंवा जोड सुटलेला. दिव्यामागे श्वासाची छोटी भोकं असतात ती सिलिकॉनने बुजवू नका, वाफ कायमची आत अडकेल. आणि सिलिकॉन वापरायचंच तर न्यूट्रल प्रकारचं. व्हिनेगरसारखा वास येणारं तांब्याच्या टोकांना हिरवं करतं.

नियमवाले_काका
दिवे कायम करण्याआधी चार गोष्टी बघून घ्या. इंडिकेटर अंबरच हवा, परदेशी बाजारासाठी बनवलेल्या काही जोड्यांत तो लाल असतो. मागे दोन लाल रिफ्लेक्टर लागतात. नव्या दिव्याच्या काचेत ते नसतील तर बंपरवर वेगळे लावा. गडद काचेची जोडी असेल तर दुपारी एक वाजता वीस पावलांवरून ब्रेक स्पष्ट दिसतो का ते दुसऱ्याला बघायला सांगा. गाडीला मागचा फॉग असेल तर आपल्याकडे तो उजवीकडे लागतो. डाव्या स्टिअरिंगच्या देशासाठी बनवलेल्या जोडीत त्याची जागा डावीकडे येते.

कोथरूड_पोलो
सगळं मोजलं. उजव्या अर्थवर २.८ व्होल्ट आले. नवा तुकडा क्रिंप करून लावल्यावर ०.०६. मंद होणं आणि थरथरणं दोन्ही गेलं. इंडिकेटरला ६ ओहम लावले, वेग नेहमीचा झाला. रिफ्लेक्टर काचेतच आहेत, इंडिकेटर अंबर आहे, मागचा फॉग नाही. पाण्याची गळती वरच्या कोपऱ्यात निघाली, फोमचा जोड तिथेच होता. एकच उरलंय: डाव्या पार्किंगच्या पिनेवर ५.२ व्होल्ट येतात आणि उजवीकडे १२.४. ४७ ओहम लावला तरी डावीकडचं पार्किंग किंचित थरथरतंय.

इलेक्ट्रिकल_ताई
दोन बाजूंना वेगळा आकडा यायला नको. घाईने रेझिस्टर वाढवू नका. जुना डावा टेललाइट परत लावून बल्बसकट मोजा. तेव्हाही ५.२ आले तर डाव्या वायरीत दोष आहे: प्लगची पिन काळी पडली आहे का, आणि डाव्या बाजूला कधी टोइंग हुक किंवा रिव्हर्स कॅमेऱ्यासाठी वायर तोडून घेतली आहे का, ते बघा. कॅमेऱ्याचा जोड चुकून पार्किंगवर टाकलेला असणं फार आढळतं. जुन्या बल्बबरोबर १२ आले तर आकडा इथे टाका, मग पुढचं बघू.

कोथरूड_पोलो
कॅमेराच निघाला. त्याचा फीड (पुरवठ्याची वायर) पार्किंगच्या वायरीवर स्कॉच लॉकने, म्हणजे वायर न कापता टोचून बसणाऱ्या क्लिपने, टोचलेला होता आणि आतली तार हिरवी पडली होती. तेवढा भाग कापून, क्रिंप करून, कॅमेरा रिव्हर्सच्या वायरीवर घेतला. आता दोन्हीकडे १२.४, थरथर नाही.